टमाटा, ताजं चीज आणि सब्ज्याचं पान : प्रस्तावना

काप्रेसे नावाच्या इटालियन सॅलडला पाचच जिन्नस लागतात: पिकलेला टमाटा, ताजं मोझरेला चीज, बेसिलची पानं, ऑलिव्हचं तेल आणि मीठ. चूल पेटवायची नाही, फोडणी द्यायची नाही, वाटण नाही, मसाला नाही. टमाट्याची जाडसर चकती, तिच्याशेजारी चीजची चकती, मधे एखादं पान, वरून तेलाची धार आणि मिठाची चिमूट. झालं. तरीही पुण्या-मुंबईच्या हॉटेलांत हे सॅलड मागवणारी बहुतेक माणसं ते अर्धवट टाकून उठतात, कारण ताटात येतो तो फिकट, कडक टमाटा आणि रबरासारखं चीज. पाककृतीत बिघडण्यासारखं काही नसताना पदार्थ बिघडतो तो जिनसांमुळे. म्हणून या पुस्तिकेत कृतीला जितकी पानं दिली आहेत, त्याच्या कितीतरी पट पानं जिनसांना दिली आहेत.

नेपल्सच्या समोरच्या समुद्रात काप्री नावाचं छोटं बेट आहे. त्याच्या नावावरून हे सॅलड ओळखलं जातं. जन्मकथा दोन सांगतात. एकीत तिथल्या क्विसिसाना हॉटेलात कवी मारिनेत्तीसाठी ते केलं गेलं. हा मारिनेत्ती पुढे 1930 मध्ये पास्ताच्या विरोधात जाहीरनामा काढून सगळ्या इटलीला अंगावर घेणारा माणूस, तेव्हा त्याला हलकं खाणं आवडलं असेल तर नवल नाही. दुसरीत इजिप्तचा राजा फारूक काप्रीला आला असताना त्याच्यापुढे ते आलं. दोन्ही कथा विसाव्या शतकातल्या आहेत आणि हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे, कारण आपण इटलीचा टमाटा फार प्राचीन समजतो. टमाटा मूळचा अमेरिका खंडातला. स्पॅनिश लोकांबरोबर तो युरोपात आला, 1544 मध्ये मात्तिओली या वैद्याने त्याची नोंद केली, आणि नेपल्समध्ये लातिनीच्या पाककृतींच्या पुस्तकात टमाट्याची चटणी यायला सतराव्या शतकाची अखेर उजाडली. आपल्याकडे तो पोर्तुगीजांमार्फत आला. म्हणजे टमाटा इटलीलाही पाहुणा आणि आपल्यालाही. काही शतकांचा फरक सोडला तर या फळावर कोणाचा वडिलोपार्जित हक्क नाही.

ही पुस्तिका वाटूरसाठी लिहिली आहे. वाटूर जालना जिल्ह्यात, परतूर तालुक्यात. जालन्याहून मंठ्याकडे निघालं की वाटूर फाटा लागतो. इथे ऑलिव्ह पिकत नाही, मोझरेला कोणत्याही दुकानात मिळत नाही, आणि लग्नाच्या पंगतीत कोणी हे सॅलड वाढणार नाही. मग वाटूर कशाला? कारण या पदार्थाला जे खरोखर लागतं, ते शहरात पैसे देऊनही मिळत नाही आणि वाटूरसारख्या गावात ते गोठ्यात आणि बांधावर आहे. सकाळी काढलेलं म्हशीचं दूध आणि झाडावर पिकलेला टमाटा, या दोन गोष्टी एकाच दिवशी एकाच घरात असणं हीच या सॅलडची खरी श्रीमंती. तेल बदलता येतं, पान बदलता येतं. या दोन गोष्टी बदलता येत नाहीत.

मराठवाड्यातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागू नये. आपण हुरडा खातो. ज्वारीचं कोवळं कणीस शेतातच आगटीत भाजायचं, गरम असतानाच हातावर चोळायचं, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि तिथेच खायचं. तोच हुरडा डब्यात भरून जालन्याला नेला तर संध्याकाळपर्यंत त्यातला गोडवा गेलेला असतो. त्यासाठी आपण शेतावर जातो, शेत आपल्याकडे आणत नाही. काप्रेसे हा त्याच जातीचा पदार्थ आहे. त्यात स्वयंपाक जवळजवळ नाहीच, त्यामुळे वेळ सांभाळण्यावर सगळं अवलंबून आहे.

आता टमाट्याकडे येऊ, कारण अर्धं सॅलड तिथेच ठरतं.

बाजारात जाणारा टमाटा पिकलेला तोडत नाहीत. हिरव्यावर जरासा कलर पडला की तोडणी होते, माल कॅरेटमध्ये भरला जातो आणि गाडी मार्केटला निघते. नारायणगाव आणि पिंपळगाव बसवंत ही राज्यातली टमाट्याची मोठी मार्केटं. तिथून माल दिल्लीपर्यंत आणि त्याच्याही पुढे जातो. एवढा प्रवास सोसायचा तर साल जाड हवी, गर घट्ट हवा. संकरित वाणांची निवडही बरीचशी त्याच गुणांवर होते. यात शेतकऱ्याचा दोष नाही. पिकलेला मऊ टमाटा कॅरेटमध्ये खालच्या थरात फुटला तर व्यापारी सगळ्या कॅरेटचा भाव पाडतो. 2023 च्या जुलैत टमाटा किलोला शंभराच्या वर गेला आणि काही आठवड्यांतच भाव इतका कोसळला की राज्यात जागोजागी शेतकऱ्यांनी माल रस्त्यावर ओतला. असा बाजार असताना कोणी चवीसाठी माल झाडावर ठेवावा अशी अपेक्षा करणं अन्याय आहे.

पण घरासाठी लावलेल्या दहा-बारा झाडांना हा नियम लागू नाही. तिथे फळ झाडावर पुरतं लाल होऊ द्यायचं. देठाजवळचा हिरवा भाग गेला, बोटाने हलकं दाबल्यावर किंचित दबलं, आणि देठापाशी नाक नेल्यावर टमाट्याच्या पाल्याचा तो तीव्र वास आला की फळ तयार. गावरान वाण मिळाला तर उत्तम. त्याची साल पातळ असते, रस जास्त असतो, आकार वेडावाकडा असतो आणि आंबटगोडाचा तोल बाजारच्या फळापेक्षा कितीतरी सरस असतो. इटलीतही या सॅलडसाठी चटणीचा लांबट सान मार्झानो वापरत नाहीत. सोरेंतोकडचा मोठा, मांसल, गुलाबीसर टमाटा घेतात.

झाडावरून काढलेलं फळ फ्रीजमध्ये ठेवू नये. फ्लोरिडा विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी 2016 मध्ये दाखवून दिलं की थंडीत ठेवलेल्या टमाट्यात वास तयार करणारी यंत्रणाच मंदावते, आणि फळ पुन्हा बाहेर काढून ठेवलं तरी तो वास पूर्वीसारखा परतत नाही. गोडवा आणि आंबटपणा राहतो, टमाटेपणा जातो. मातीच्या थंड जमिनीवर, देठ खाली करून, पाटीत पसरून ठेवण्याची आजीची पद्धत शास्त्राच्याही पसंतीची आहे. दुसरी गोष्ट बियांची. शहरी पुस्तकांत बिया काढून टाका असं सांगतात, दिसायला नीटस म्हणून. तसं करू नका. बियांभोवतीच्या बुळबुळीत रसात ग्लुटामेट हे चव वाढवणारं द्रव्य बाहेरच्या गरापेक्षा जास्त असतं. तो रस ताटात उतरतो, तेलात मिसळतो, आणि शेवटी तो भाकरीने पुसून खायचा असतो.

जालना जिल्ह्यात टमाट्याविषयी लिहिताना एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. हा जिल्हा बियाण्यांचा आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये जालन्यात महिको सुरू केली आणि 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्यानंतर बियाण्यांचं काम जालना आणि शेजारच्या देऊळगाव राजाच्या भागात गावोगाव पसरलं. आज त्या भागात शेडनेटखाली भाजीपाल्याचे सीड प्लॉट दिसतात, आणि त्यांत टमाट्याचेही असतात. या प्लॉटमधलं क्रॉसिंगचं काम बहुतांश बाया करतात. दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी आदल्या दिवशी हेरायची, चिमट्याने ती अलगद उघडायची, आतली पिवळ्या पुंकेसरांची नळी स्त्रीकेसराला धक्का न लावता काढून घ्यायची. दुसऱ्या दिवशी सकाळी नर झाडाचे पराग त्या इवल्या टोकाला लावायचे. मग फुलाच्या बाहेरच्या हिरव्या पाकळ्यांतल्या एक-दोन कापून खूण करायची, म्हणजे कोणतं फूल झालं ते कळतं. कळी अगदी लहान असते, आणि एकेकीच्या हातून रोज अशा शेकडो कळ्या जातात.

हा टमाटा झाडावर पूर्ण लाल होईपर्यंत ठेवतात, कारण बी पक्कं व्हायला हवं. मग फळ फोडून, गर आंबवून, धुऊन बी वेगळं करतात. रस वाहून जातो. फळ खाण्यासाठी नसतं, त्यावरच्या फवारण्याही त्या हिशोबाने असतात, त्यामुळे ते सॅलडमध्ये घ्या असं मी म्हणणार नाही. पण झाडावर पुरता पिकलेला टमाटा कसा दिसतो, त्याला कसा वास येतो, कोणत्या दिवशी तोडला तर योग्य, हे जिल्ह्यात सगळ्यांत अचूक कोणाला ठाऊक असेल तर या बायांना. पुस्तिकेतल्या टमाट्याच्या प्रकरणात पिकल्याच्या ज्या खुणा दिल्या आहेत, त्या अशा हातांकडून घेण्यासारख्या आहेत. आपल्याकडे या कौशल्याला मजुरी मिळते, मान मिळत नाही, याचं मला वाईट वाटतं.

हंगामाचंही नीट पाहा. पावसाळी टमाट्यात पाणी जास्त, चव कमी. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात फूल टिकत नाही, गळून जातं. कार्तिकात रोप लावलं तर पौष-माघात फळ येतं. दिवसा स्वच्छ ऊन, रात्री गारवा, हवेत दमटपणा नाही. काळी जमीन ओल धरून ठेवते. आपली ही काळी माती दख्खनच्या लाव्हापासून बनलेल्या काळ्या पाषाणाची, आणि नेपल्सच्या परिसरातली सुपीक मातीही व्हेसुव्हियसच्या राखेची. दोन्हीकडे मातीचं मूळ ज्वालामुखीतच आहे, काळाचं अंतर मात्र कोट्यवधी वर्षांचं. पाण्याचं बोलायचं तर 2012-13 च्या दुष्काळात याच जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळून गेल्या. ज्यांनी तो उन्हाळा पाहिला त्यांना पाण्याचे हौशी बेत सांगायला मला संकोच वाटतो. परसातली दहा-बारा झाडं घरच्या पाण्यावर निभावतात, एवढ्यापुरतंच हे सांगणं आहे.

आता म्हशीकडे. माझ्या मते वाटूरची बाजू सगळ्यांत भक्कम आहे ती इथे.

खरं मोझरेला म्हशीच्या दुधाचं. दक्षिण इटलीतल्या कंपानिया भागातल्या दलदलीच्या मैदानांत म्हशी पाळल्या जातात आणि तिथल्या म्हशीच्या मोझरेलाला 1996 पासून युरोपात नावाचं संरक्षण आहे, जसं आपल्या जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. गाईच्या दुधाचंही मोझरेला होतं आणि जगात जास्त खपतं तेच, पण चवीला ते हलकं. म्हशीच्या दुधात फॅट गाईच्या जवळजवळ दुप्पट, घन पदार्थही जास्त, त्यामुळे चीज जास्त निघतं आणि दाट निघतं. एक किलो मोझरेलाला म्हशीचं दूध साडेचार-पाच लिटर लागतं, गाईचं आठ-दहा लिटर. डेअरीवर दूध घालणाऱ्या घरात रोज संध्याकाळी "आज फॅट किती लागली?" हा प्रश्न असतोच. त्याच फॅटवर हे चीज उभं आहे.

आणि ही म्हैस इटलीची मूळची नाही. नदीकाठच्या जातीची म्हैस माणसाने पहिल्यांदा पाळली ती भारतीय उपखंडाच्या पश्चिमेकडच्या भागात, हजारो वर्षांपूर्वी, असं तिच्या जनुकांचा अभ्यास सांगतो. इथून ती पश्चिमेकडे सरकत गेली आणि मध्ययुगात इटलीत रुळली. काप्रीच्या ताटात जे पांढरं शुभ्र चीज आहे, त्याचं मूळ आपल्या बाजूच्या गोठ्यात आहे. मराठवाडी म्हैस आजही आपल्याकडे आहे, मानेला समांतर मागे खांद्यापर्यंत गेलेल्या लांब शिंगांची. दूध मुऱ्ह्याइतकं देत नाही म्हणून तिची संख्या घटत चालली आहे, पण दुष्काळात कडबा खाऊन तग धरते आणि दूध दाट देते. मराठवाड्यात जास्तीचं दूध खव्यात जातं. भूम आणि कुंथलगिरीकडचा खवा आणि पेढा प्रसिद्धच आहे. ताजं चीज करायची रीत मात्र आपल्याकडे कधी पडली नाही. दूध फाटणं अशुभ मानायच्या समजुतीचा त्यात वाटा असावा असं मला वाटतं.

महाराष्ट्रात या प्रकारच्या चीजची जुनी परंपरा आहे ती मुंबईच्या पारशी घरांत. त्यांचं टोपली पनीर म्हणजे कोमट दुधात रेनेट घालून विरजल्यासारखं थिजवायचं, लहान टोपल्यांत ओतायचं, पाणी निथळू द्यायचं आणि मिठाच्या पाण्यात ठेवायचं. हाताला लागताच डळमळणारं, जिभेवर विरघळणारं. मोझरेलासारखं ते ताणावं लागत नाही, म्हणून ज्यांना पहिल्यांदा करून पाहायचं आहे त्यांनी टोपली पनीरापासूनच सुरुवात करावी असा माझा आग्रह आहे. कारखान्यातलं चीज म्हणाल तर तेही महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर होतं. आंबेगाव तालुक्यातल्या मंचरला 1992 मध्ये सुरू झालेल्या पराग मिल्क फूड्सचं चीज देशभर जातं. पण पिझ्झ्यावर वितळवायचं चीज वेगळं आणि दुधाच्या वासाचं, पाण्यात पोहणारं ताजं चीज वेगळं. काप्रेसेला दुसरंच लागतं.

साधं पनीर का चालत नाही, असं प्रत्येकजण विचारतो. पनीरसाठी आपण दूध उकळतो आणि उकळत्या दुधात लिंबू पिळतो. त्या उष्णतेने दुधातली सगळी प्रथिनं एकमेकांना घट्ट चिकटून बसतात, मग गोळा वितळत नाही, ताणला जात नाही, दाणेदार राहतो. भुर्जीला तेच हवं, इथे नको. मोझरेलासाठी दूध उकळायचंच नाही. आणि मराठी घराला अडतं ते इथेच, कारण दूध घरात आलं की चुलीवर चढलंच पाहिजे हा आपला संस्कार आहे. त्या संस्कारामागे शहाणपण आहे. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिससारखे जनावरांचे रोग माणसाला होतात. म्हणून मधला मार्ग: दूध 63 अंशांवर अर्धा तास धरायचं. जंतू मरतात, प्रथिनं शाबूत राहतात. यासाठी स्वयंपाकाचा थर्मामीटर लागतो, आणि या सगळ्या खटाटोपात विकत आणावं असं ते एकच खरं उपकरण आहे. पिशवीतलं होमोजनाईज केलेलं किंवा टेट्रापॅकचं दूध घेऊ नका, त्याचं दही लागेल पण चीज धड जमणार नाही.

पुढची कृती सविस्तर आत दिली आहे, पण तिचा आराखडा सांगतो, म्हणजे भीती जाईल. तापवलेलं दूध गार करून फ्रीजमध्ये थंड करायचं. दोन लिटरला पाऊण छोटा चमचा लिंबूसत्त्व, म्हशीच्या दुधाला किंचित जास्त, अर्धी वाटी पाण्यात विरघळवून त्यात ढवळायचं. दूध थंडच हवं, गरम दुधात लिंबूसत्त्व पडलं तर ते लगेच फाटतं. मग मंद आचेवर 32 अंशांपर्यंत न्यायचं, पाण्यात विरघळवलेलं रेनेट घालायचं, आणि हात लावायचा नाही. काही मिनिटांत दुधाची वडी थिजते. सुरी घातली तर स्वच्छ चीर पडते आणि चिरेत फिकट पिवळसर, नितळ पाणी साचतं. हे पाणी दुधाळ दिसलं तर अजून थांबायचं. मग चौकोनी तुकडे करून 40 अंशांपर्यंत हळूहळू तापवायचं आणि पाणी निथळून घ्यायचं.

रेनेटविषयी शाकाहारी घरांत शंका येते आणि ती रास्त आहे. जुन्या पद्धतीचं रेनेट वासराच्या जठरातून काढत. आता बुरशीपासून बनवलेलं शाकाहारी रेनेट सर्रास मिळतं, पुडीवर हिरवा ठिपका पाहून घ्यावा. माळकरी घरात हे चीज करायला त्यामुळे काहीच अडचण नाही.

मग येतो तो टप्पा, ज्यासाठी हे चीज करून पाहावं. निथळलेला गोळा मोठ्या पातेल्यात ठेवून त्यावर 80 अंशांच्या आसपासचं, मीठ घातलेलं पाणी ओतायचं. आधी काहीच होत नाही. तुकडे खरखरीत, सुटे सुटे दिसतात. लाकडी उलथन्याने दाबत राहिलं की ते एकमेकांत मिसळायला लागतात. मग उलथन्यावर गोळा वर उचलावा: तो स्वतःच्या वजनाने खाली ओघळतो, लांबतो, पातळ होतो आणि तुटत नाही. तुटला तर आंबटपणा कमी पडला किंवा पाणी थंड झालं. हातमोजे घालून, नाहीतर मधे मधे गार पाण्यात बोटं बुडवून, तो घडी घालायचा, ताणायचा, परत घडी घालायचा. दोन-तीन घड्यांत पृष्ठभाग चकाकायला लागतो. लिंबाएवढे गोळे तोडून गार पाण्यात सोडायचे. हा ताण येतो तो आम्लामुळे. दुधातलं कॅल्शियम प्रथिनांना जखडून ठेवतं, आम्ल वाढलं की त्यातलं काही सुटतं, आणि प्रथिनं लांबच लांब धाग्यांसारखी सरकू शकतात. आम्ल त्याहून वाढलं तर धागेच विरतात. त्यामुळे लिंबूसत्त्वाचं माप अंदाजाने घ्यायचं नाही.

दोन लिटर दुधातून पाव किलोच्या वर चीज निघतं, चार माणसांच्या सॅलडला पुरेसं. त्याच दिवशी खावं. फ्रीजमध्ये ते टिकतं, पण घट्ट होत जातं आणि मग काप्रेसेचा उपयोग राहत नाही. चीज करताना निथळलेलं पाणी फेकू नका, पोळ्यांची कणीक त्यात मळावी.

पानाविषयी थोडक्यात. इटलीत घालतात ती बेसिल आणि आपल्या अंगणातली वृंदावनातली तुळस या बहिणी आहेत, पण एकच नाहीत. तुळशीच्या पानाला लवंगेसारखा तिखटपणा असतो, तो चीजची चव झाकून टाकतो. शिवाय तिला आपल्या घरात दुसरं स्थान आहे, ते तसंच राहू द्यावं. बेसिलची जात म्हणजे आपला सब्जा. फालुद्यात घालायला किराणा दुकानात जो काळा सब्जा मिळतो, तो भिजवण्याऐवजी कुंडीत पेरायचा. काही दिवसांत उगवतो, महिन्या-दीड महिन्यात पानं खुडण्याजोगी होतात. इटालियन वाणापेक्षा पान जरा लहान आणि वासाला थोडं उग्र, पण घराणं तेच. शेंडा खुडत राहिलं की झाड फुटतं, फुलावर जाऊ दिलं की पानांचा वास उतरतो. पान सुरीने चिरू नये, हाताने तोडावं.

तेलाबाबत माझं मत ठाम आहे. ऑलिव्हचं चांगलं तेल मिळालं आणि परवडलं तर तेच घ्यावं. स्वस्त, जुनं, खवट ऑलिव्ह तेल घेण्यापेक्षा मात्र लाकडी घाण्याचं करडईचं तेल हजारपट बरं. करडई मराठवाड्याच्या रब्बीतलं जुनं पीक. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा परभणी कुसुम हा वाणही प्रसिद्ध आहे. सोयाबीन आणि हरभऱ्याच्या रेट्यात करडईचा पेरा मागे पडला, पण ताज्या घाण्याच्या तेलाला एक हलका, सुक्या गवतासारखा वास असतो आणि तो टमाट्याशी भांडत नाही. शेंगदाण्याचं तेल घेतलं तर सॅलडची कोशिंबीर होते. कोशिंबीर मला प्रिय आहे, दाण्याचा कूट आणि हिंग-जिऱ्याची फोडणी घातलेली टमाट्याची कोशिंबीर भाकरीबरोबर मी कधीही खाईन, पण तो वेगळा पदार्थ आहे आणि दोघांची सरमिसळ करून दोघांचं नुकसान होतं. व्हिनेगर घालू नये, लिंबू पिळू नये, साखर तर मुळीच नको. टमाट्याचा स्वतःचा आंबटपणा पुरतो.

मीठ टमाट्यावर आधी टाकायचं, चीजवर नाही. चकत्या ताटात मांडून मीठ भुरभुरवायचं, पाच मिनिटं थांबायचं, मग चीज आणि पान, आणि तेल सगळ्यांत शेवटी. त्या पाच मिनिटांत टमाट्याला पाणी सुटतं आणि तोच रस्सा. दहा मिनिटं थांबलं तर चकती लिबलिबीत होते. ज्वारीची गरम भाकरी बरोबर असावी. इटलीत पाव असतो, पण त्या आंबटगोड रसाला ज्वारीचा किंचित तुरट गोडवा जास्त शोभतो असं माझं मत आहे.

यातून धंदा होईल का, हे गावातली तरुण मंडळी विचारतील. ताज्या चीजचं आयुष्य दोन-चार दिवसांचं, थंड साखळीशिवाय ते विकता येत नाही, अन्नसुरक्षेचा परवाना लागतो, आणि वाटूरहून मोठं गिऱ्हाईक दूर आहे. तरी शीतपेटीत घालून जालना किंवा संभाजीनगरच्या एखाद्या हॉटेलाला ठरावीक दिवशी पुरवठा करणं अशक्य नाही. दूध डेअरीला घालून जो दर मिळतो त्याहून त्याच दुधाच्या चीजला बराच जास्त मिळू शकतो. पण आधी घरी जमलं पाहिजे, घरच्यांना आवडलं पाहिजे. त्याआधी यंत्रं आणि कर्ज यांचा विचार करू नये.

प्रकरणांचा क्रम मी स्वयंपाकाचा ठेवलेला नाही, हंगामाचा ठेवला आहे. पहिलं प्रकरण टमाट्याच्या रोपांचं आणि वाणांचं, दुसरं सब्ज्याच्या कुंडीचं, तिसरं दुधाचं आणि टोपली पनीराचं, चौथं मोझरेलाचं, आणि सॅलडची कृती सगळ्यांत शेवटी, दीड पानाची. ज्यांना घाई आहे त्यांनी चौथ्या प्रकरणापासून वाचलं तरी चालेल, पण टमाटा तेव्हा बाजारातून आणावा लागेल. रोप कार्तिकात लागलं तर माघाच्या सुरुवातीला पहिली तोडणी होते. थर्मामीटर आणि रेनेट पौषातच मागवून ठेवलेलं बरं, कारण तालुक्याच्या गावी ते मिळत नाही आणि बाहेरून यायला आठवडाभर लागतो.